एकशे चव्वेचाळीसचा हट्ट

"एकशे चव्वेचाळीसवर वाजवायली आता ती," प्रज्ञाची आई म्हणाली. "तिचा हात लय चालतो, मॅडम. तुमी तिला मागं कामून ओढायलात?"

आम्ही तिघी पूर्णेतल्या एका जुन्या हॉलमध्ये होतो. समोर पियानो, त्याच्यापुढं स्टँडवर मोबाईल. प्रज्ञाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मुंबईच्या एका संगीत कॉलेजला पाठवायचा होता. रेकॉर्डिंग एका दमात हवं, मध्ये कुठंही कापलेलं चालणार नाही, अशी त्यांची अट. व्हिडिओ पसंत पडला तरच ऑडिशनला बोलावणार होते. वयाची अट बघता प्रज्ञाला ही शेवटचीच संधी होती.

मी परभणीत पियानो शिकवते. शिकवणी बहुतेक कीबोर्डवरच होते, कारण माझ्या माहितीत आसपास खरा पियानो हा एवढाच. प्रज्ञा सेलूहून रेल्वेनं यायची. तिच्या आईची, शोभाताईंची, सेलूत टायपिंग इन्स्टिट्यूट. तिथं हिशोब सरळ असतो. आधी तीसचा स्पीड, मग चाळीसचा. आकडा वाढला की सर्टिफिकेट मोठं. मेट्रोनोमचा आकडाही मायलेकींनी तसाच धरला. मेट्रोनोम म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र. आता ते मोबाईलमध्येच असतं. एकशे बत्तीस झाले तेव्हा शोभाताईंनी मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले, ही माझी चूक.

वाजवायचा होता सोनाटा, म्हणजे दोन-तीन भागांची मोठी रचना. व्हिडिओसाठी पहिला भाग पुरेसा होता. त्याच्यावर नुसतं 'अ‍ॅलेग्रो' लिहिलेलं. अर्थ एवढाच, की चपळ, आनंदी गतीनं वाजवा. किती, ते आपण ठरवायचं. माझी पद्धत अशी, की सुरुवात ऐकून गती ठरवायची नाही. सुरुवात सोपी असते आणि तिथं सगळेच धावतात. सगळ्यांत अवघड जागा शोधायची, ती जेवढ्या गतीत स्वच्छ वाजेल तीच गती पहिल्या सुरापासून धरायची. ह्या सोनाट्यात मधे एका जागी उजवा हात एकच सूर भराभर वाजवतो आणि खाली डाव्या हातात चाल असते. त्यावरून मी एकशे वीस ठरवलं होतं.

वाद नको म्हणून पहिला टेक एकशे चव्वेचाळीसवर घेऊ दिला. सुरुवात झकास झाली. अवघड जागा आली आणि सूर गायब होऊ लागले. चारदा पट्टी दाबली की दोनदाच वाजायची. प्रज्ञा थांबली. तिचे डोळे भरून आले होते.

"मॅडम, मी दाबलं होतं."

दाबलं होतंच. कीबोर्डवर ते वाजलंही असतं. पियानोत पट्टीमागं हातोडी असते, ती तारेवर आपटते. ती मागं यायच्या आत पुन्हा दाबलं तर काहीच वाजत नाही. मी हे समजावू लागले, तोवर शोभाताई उठून पियानोजवळ गेल्या. झाकण उघडंच होतं. त्यांनी प्रज्ञाला तीच जागा परत वाजवायला लावली आणि आत वाकून बघत राहिल्या.

"हे तर आमच्या जुन्या टायपिंग मशीनसारखंच हाय," त्या म्हणाल्या. "दांडी मागं यायच्या आत मारायलीस तू. आमच्या दांड्या अशाच अडकायच्या. स्पीड राहू दे. आधी बोटं एकसारखी पडू दे."

चार महिने मी जे सांगत होते, ते प्रज्ञानं अर्ध्या मिनिटात ऐकलं. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला.

"चला, एकशे वीस," मी म्हटलं. दुसरा टेक सुरू झाला. एकूण एक सूर वाजला. पण पान उलटायच्या आत प्रज्ञा स्वतःच थांबली.

"मॅडम, एकशे वीसला बी चिखल व्हायलाय."

रेकॉर्डिंगच्या दिवशी विद्यार्थिनीनं माझा आकडा खोडावा, हे मला रुचलं नाही. मी हॉलच्या मधोमध जाऊन एक टाळी वाजवली. आवाज छताशी घुमत राहिला. माझी गती ठरली होती पडदे-गाद्यांनी भरलेल्या माझ्या लहानशा खोलीत. इथं उंच छत, उघड्या भिंती, माणसं तीन. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढत होता. पोरगी बरोबर होती, आणि तसं मी तिला सांगितलं.

तिनं मेट्रोनोम बंद केला. अवघड जागा गुणगुणत हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या, मग बसली आणि एका दमात वाजवून मोकळी झाली. मी नंतर मोजलं, एकशे बारा भरले. शोभाताईंना आकडा सांगितला तर त्यांना पटेना. म्हणाल्या, "मला तर हेच फास्ट वाटायलंय." वाटणारच, कारण आता प्रत्येक सूर ऐकू येत होता.

ऑडिशनचं बोलावणं आलं. मुंबईहून आदल्या दिवशी प्रज्ञाचा फोन. खोली लहान आहे, खाली गालिचा आहे, पियानो नवा आहे, किती धरू? आकडा माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

"मी ती खोली ऐकलेली नाही. तू ऐकलीस. तूच ठरव."

"चुकलं तर?"

"तर तुझं चुकेल."

तिला प्रवेश मिळाला. किती धरलं होतंस, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, मोजलं नाही, मॅडम. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? मग लक्षात आलं, हेच उत्तर यावं म्हणून तर चार वर्षं शिकवत होते.