एक पान आधी

त्या दिवसांत सोलापुरात कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढं शिकायचं तर वळकटी बांधून पुण्याची गाडी धरावी लागे. अशी पाच-सहा मुलं दर जूनमध्ये बाळीवेशीतल्या एका माडीवर रोज संध्याकाळी जमत, आणि कॉलेजात दिवस कसा चालवायचा हे यज्ञेश्वरपंत त्यांना शिकवत. पंत स्वतः कॉलेजाची पायरी कधी चढले नव्हते. ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते.

अठरा वर्षं ते विंगेतल्या स्टुलावर बसले. मांडीवर नाटकाची वही, बाजूला कंदील. नटाची जीभ अडली की पुढचा शब्द असा पोचवायचा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना जाऊ नये. बोलपट आले आणि कंपनीनं सोलापुरात शेवटचा मुक्काम केला. रंगवलेले राजवाडे आणि अरण्यं विकली गेली, नट गावोगाव पांगले. पंत आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई मात्र इथंच राहिली. पंतांना एका हायस्कुलात कारकुनाची जागा मिळाली आणि सामानाच्या ट्रंकेत ती जुनी वही गुंडाळून ठेवली गेली.

शाळेत ते दाखले लिहून देत. जूनमध्ये हसत दाखला नेणारी मुलं दिवाळीत पडलेल्या चेहऱ्यानं भेटायला येत. "शाळेत मास्तर छडी घेऊन विचारायचे, पंत," एकानं सांगितलं, "तिथं कुणी काही विचारतच नाही. एकदम परीक्षाच." पंतांना ते ऐकून पहिल्यांदाच रंगभूमीवर ढकललेली पोरं आठवली. समोर एवढा अंधार, आणि आता काय करायचं ते कुणी सांगत नाही. या दुखण्यावरचं औषध कंपनीत होतं.

मग त्यांनी माडीवर वर्ग सुरू केला. फी नाही, गोदावरीबाईंच्या हातचे पोहे मात्र खावेच लागत.

"आमच्या कंपनीत," पंत सांगत, "आपलं वाक्य आलं की विंगेत धावत येणारा नट चालत नसे. त्याच्या प्रवेशाला एक पान बाकी असताना तो विंगेत उभा असलाच पाहिजे. पाणी पिऊन, घाम पुसून, तलवार अडकवून. तुमचं लेक्चर अकराला ना? मग पावणेअकराला बाकावर. निबंध सोमवारी द्यायचा? शनिवारी लिहून झालेला. एक पान आधी."

"आणि लेक्चरच रद्द झालं तर?" एखादा खवचट विचारी.

"तर मग पाणी पिऊन बसायचं. नटाला कंटाळा येऊन चालत नाही."

कंपनीत कपडे घालून देणारा कल्लप्पा ट्रंक कशी भरत असे, हेही ते दाखवत. शेवटच्या अंकाचा पोशाख तळाशी, पहिल्या अंकाचा वर. तशीच आठवड्याची पुस्तकं रचायची. प्रोफेसरांसमोर कसं उभं राहायचं, चूक झाली तर कारणं न सांगता कशी कबूल करायची, याच्या तर तालमी होत. पंत स्वतः प्रोफेसर होत आणि उपरण्याचा झगा करून असे काही डोळे वटारत, की पोरांना हसू आवरत नसे.

एकोणीसशे पस्तीसच्या जूनमध्ये या वर्गात रामहरी आला. मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सोलापुरात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला. वडील नव्हते. चुलते महिपती त्याला सोडायला माडीवर आले, पण वहाणा काढून उंबऱ्यातच बसले.

"एक वरीस," ते पंतांना म्हणाले. "पास झाला तर आमी पोटाला चिमटा घिऊन शिकवू. न्हाय झाला तर रान हाय, बैलं हायती. त्याच्या आईला, सोजरबाईला, मी तसंच सांगितलंय."

"पास होईल," पंत म्हणाले.

"ते तुमी म्हनू नका. त्याला म्हनू द्या की."

रामहरी नुसता चुलत्यांच्या वहाणा नीट लावत राहिला. पण पंतांना त्या वर्षी त्याच्यासारखा दुसरा विद्यार्थी मिळाला नव्हता. सांगितलेलं सगळं तो तंतोतंत करी. गाडीच्या दिवशी तर तो तासभर आधी स्टेशनात जाऊन वळकटीवर बसला होता.

महिन्याभरानं पुण्याहून त्याचं कार्ड आलं. 'इथं सगळं मोठं आहे. दिवस कुठं जातो ते कळत नाही. आपण आठवड्याचं वेळापत्रक लिहून पाठवाल तर तसं वागेन.'

पंतांनी ते कार्ड गोदावरीबाईंना दोनदा वाचून दाखवलं. कंपनी मोडल्यानंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं पुढचा शब्द मागत होतं. त्या रविवारी त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं रेघा आखून कार्ड लिहिलं आणि मग दर रविवारी लिहीत गेले. उठणे, स्नान, लेक्चरं, विसावा. आणि दिवसाचा मुख्य अभ्यास रात्री साडेनऊपासून साडेबारापर्यंत. उत्तर यायचं, 'आपल्या लिहिण्याप्रमाणे सर्व केले.'

दिवाळीच्या सुट्टीत रामहरी माडी चढून आला तो गळाल्यासारखा. सहामाही परीक्षेत तीन विषयांत नापास. त्यानं कार्डांचा गठ्ठा पंतांपुढं ठेवला. एकही हरवलं नव्हतं.

"मी कुटं बी चुकलो न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला. "पण डोक्यात काय शिरतच न्हाई. मी मठ्ठ हाय, पंत. मार्चच्या परीक्षेची वाट कशाला बघू? उद्या गावाला जातो आन् चुलत्यांना सांगतो, बैलं जुंपा म्हणून."

पंतांना काही सुचेना. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. "आज राहा," एवढंच ते म्हणाले. "उद्याचं उद्या."

पहाटे कुणीतरी त्यांना हलवलं. सारं शहर कापडगिरणीच्या भोंग्याला उठायचं, तेव्हा पंत कूस बदलून पुन्हा झोपायचे. नाटकवाल्याची ही जन्माची सवय नोकरीतही मोडली नव्हती.

"अहो, उठा," गोदावरीबाई म्हणाल्या. "तुमचा मठ्ठ मुलगा काय करतोय ते बघा."

पंत डोळे चोळत जिन्यापर्यंत आले. अजून भोंगा व्हायचा होता. रामहरीनं आडाचं पाणी काढून दोन्ही पिंपं भरली होती, आंघोळ उरकली होती, आणि तो पायरीवर कंदिलापाशी इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसला होता. पान वाचून झालं की पुस्तक मिटायचा आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचा. समोर कुणी नव्हतं. कुठं अडखळलाच तर क्षणभर थांबून आपणच पुढं जायचा.

"कधीपासून चाललंय?" पंतांनी हळूच विचारलं.

"चारपासून. आणि रात्री? आठलाच ताटावर डुलत होता. तुम्ही त्याला रात्री साडेनऊला काय करायला सांगता?"

पंत खाली उतरले. "रामहरी, पुण्यात किती वाजता उठतोस?"

"जाग चारला येती. पयल्यापासनं तीच सवय. पण तुमी आठला उठायचं लिवलं हुतं."

"मग चार ते आठ काय करतोस?"

"पडून ऱ्हातो की."

"आणि रात्री?"

रामहरी ओशाळला. "पुस्तक उगडून बसतो. साडेबारापतोर. पानं दिसत्यात, पण…"

गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला. पंत मात्र हसले नाहीत. ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले. साडेनऊची वेळ त्यांनी कधी ठरवलीच नव्हती. अठरा वर्षं त्या वेळेला नांदी झाली होती, पडदा उघडला होता, सारा दिवस त्या घटकेसाठी जपून ठेवला होता. मुख्य प्रवेश दुसऱ्या कुठल्या वेळेला असू शकतो हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"कंपनीत नवा प्रॉम्प्टर आला," ते म्हणाले, "की मी त्याला सांगायचो, वहीत डोकं घालू नकोस. नटाच्या तोंडाकडं बघ. तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे वहीत लिहिलेलं नसतं. थांबलेल्या नटाला शब्द पुरवलास तर त्याचा प्रवेश मारलास." त्यांनी कार्डांचा गठ्ठा उचलून कोटाच्या खिशात टाकला. "तुझ्या तोंडाकडं मी बघितलंच नाही रे. नापास मी झालो. गावाला जा, आईला भेट, पण बैलांचं मार्चपर्यंत बोलू नकोस. आणि वेळापत्रक तू कर."

"मला यील?"

"आत्ता काय करत होतास?"

गावाला निघण्याआधी रामहरी तीन-चार दिवस माडीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं केलेलं पहिलं वेळापत्रक भयंकर होतं. पहाटे चार ते दहा सलग अभ्यास, मध्ये खाणं नाही. पंतांची जीभ वळवळली. गोदावरीबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते पानाचा डबा उघडून बसले. दोन दिवसांत रामहरीनं आपणच त्यात न्याहारी घातली.

पुढचे पाच महिने पंतांनी त्याला एकही सूचना लिहिली नाही. रविवार आला की ते कार्ड घेऊन बसत, तांबड्या पेन्सिलीला टोक करत आणि शेवटी 'आम्ही खुशाल आहोत' एवढं लिहून टाकत. "तब्येत बरी नाही का तुमची?" गोदावरीबाई मुद्दाम विचारत.

एप्रिलच्या अखेरीस रामहरीचं कार्ड आलं. निकाल शनिवारी कॉलेजच्या फळ्यावर लागणार होता. 'रविवारी पहाटेच्या गाडीनं येतो. तोंडी सांगेन.'

त्या रविवारी गोदावरीबाईंना जाग आली तेव्हा पंत कोट-पगडी घालून तयार होते. गाडीला तास-दीड तास होता. "एवढ्या लौकर?" त्या म्हणाल्या. पंत वहाणा घालून जिना उतरलेसुद्धा.

स्टेशनावर अजून दिवे होते. मंगळवेढ्याहून महिपती आदल्या दिवशीच येऊन भिंतीला टेकून बसले होते. पंतांना बघून ते उठले आणि शेजारी उभे राहिले. गाडी आली. रामहरी वळकटी खांद्यावर घेऊन उतरला, दोघांच्या पाया पडला आणि सरळ उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, आणि थांबला.

महिपती पुढं झुकले. "आरं, बोल की. झाला का न्हाई?"

पंतांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. ते रामहरीच्या चेहऱ्याकडं बघत होते. दिव्याचा उजेड पुरेसा होता.

"थांबा," ते हलकेच म्हणाले. "त्याला येतंय."

लांब गिरणीचा भोंगा झाला. तो पुरता विरेपर्यंत रामहरी थांबला, आणि मग म्हणाला, "काका, बैलांना दुसरा माणूस बघा."