चार नंबरच्या खोलीत तीन रात्री

"सोमवारी अकरा वाजेपर्यंत सांगा, इंजिनियर गारू. नाही तर मंगळवारी भिंत पाडायला ब्रेकर लावतो."

हॉटेलचे मालक नरेंदर सार हे अगदी शांतपणे, तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावून बोलले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. शुक्रवारची संध्याकाळ होती. आम्ही त्यांच्या आदिलाबादच्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत, एका ओल्या भिंतीसमोर उभे होतो.

इमारत निजामाच्या काळातली. पूर्वी एका कापूस व्यापाऱ्याची कोठी होती. दोन फूट जाड दगडी भिंती आणि वर जॅक आर्चचं छत. जॅक आर्च म्हणजे भिंतींवर लोखंडी गर्डर टाकायचे आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बुटकी कमान बांधायची. नरेंदर सारांनी या कोठीत एसी आणले, लिफ्ट बसवली, बाथरूमला काचा लावल्या. पण छताला हात लावला नाही. पाहुणे गादीवर आडवे होऊन त्या कमानींचे फोटो काढतात. बांधकाम खात्यातून रिटायर झाल्यावर मी घेतलेलं हे पहिलं मोठं काम. रिनोव्हेशनच्या प्रत्येक ड्रॉइंगवर माझी सही आहे.

आणि आता चार नंबरमध्ये पेंटला फुगे येत होते. खोलीला कुबट वास येत होता. महिने फेब्रुवारी-मार्चचे, आभाळात ढग नाही, मग पाणी येतंय कुठून? मी दोनदा येऊन पाहून गेलो होतो. पाइपांची प्रेशर टेस्ट केली, एकही लीक नाही. या खोलीवर थेट गच्ची, तिच्यावर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, खाली थेंब नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "सार, जुनी भिंत आहे, सडली. पाडून आरसीसी करून टाकू."

पण त्याच भिंतीवर गर्डर टेकलेले. भिंत गेली की कमानी गेल्या, आणि त्यानंतर त्या खोलीत फोटो काढण्यासारखं काही उरणार नव्हतं. शिवाय अशी कमान बांधणारा मिस्त्री आज आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. मी म्हणालो, "मला ही खोली तीन दिवस द्या. मी इथंच राहतो."

नरेंदर सार हसले. "राहा ना. जेवण आमच्याकडून."

शनिवारी सकाळी मी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि मॉइश्चर मीटर लावला. भिंतीत किती ओल आहे ते हे यंत्र आकड्यात दाखवतं. खाली जास्त, वर कमी. त्यावरून पाणी छतातून येत नाही एवढं कळलं. कुठून येतं ते कळेना. माझ्या रेघा कुणी पुसू नयेत आणि जमिनीवर पसरलेली ड्रॉइंग्ज कुणी गोळा करू नयेत, म्हणून मी दाराला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी अडकवली. दोन दिवस ती तशीच राहिली. इतक्या मऊ गादीवर मला झोप मात्र लागली नाही. वर त्या कमानी दिसायच्या आणि मंगळवार आठवायचा.

रविवारी भिंतीवर पुसट पांढरी झाक दिसली होती, ती मी पेंटची भुकटी समजलो. सोमवारी सकाळी उठलो तर पांढरं काहीतरी चांगलंच वर आलेलं. पोळपाटावर पीठ सांडावं तसं, जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत, आणि वरची कड सरळ आडवी. बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट!

तेवढ्यात दार वाजलं. हाउसकीपिंगच्या कौसाबाई होत्या. पन्नाशीच्या, रोज जैनथहून ऑटोने येणाऱ्या. हातात बादली, फडकं.

"साहेब, आता तरी मले आत येऊ द्या. दोन दिवस झाले, भिंत घान झाली असन. मॅनेजर मले बोलन."

"भिंत घाण होईल हे तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हंजे? मी रोज सकाळी पुसून राह्यली ना! लोना येते तो. गेस्टले दिसला नाई पायजे म्हनते मॅनेजर."

मी खुर्चीवर बसलो. लोणा म्हणजे भिंतीतल्या ओलीबरोबर वर चढून बाहेर फुटणारा क्षार. जमिनीतली ओल भिंतीत चढते आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही. मी आजवर दोन वेळा आलो तो दुपारी, खोली चकाचक झाल्यावर. पुरावा रोज सकाळी बादलीत जात होता आणि मी छतावर पाणी तुंबवत बसलो होतो.

"कौसाबाई, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कोनी इचारलंच नाई. आन तुमी इंजिनियर लोकं, तुमाले ठाऊकच असन."

मी विचारलं, "लोणा रोज सारखाच येतो?"

"नाई. गवताले पानी देल्लं का दुसऱ्या दिवशी लय येते. माहा बाप चुन्याचं काम करे, साहेब. तो म्हने, चुन्याच्या भिंतीच्या पायाशी पानी नाई टाकाव. आन तिले सिमेट तर कदीच नाई लावाव. तिचं नाक दाबल्यावानी होते."

मी उठून खिडकीतून पाहिलं. भिंतीला लागून हिरवंगार लॉन. पूर्वी तिथं पायाभोवती दगडी फरशी होती, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली. आम्ही तिला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतो. तिचं काम पायाजवळ पाणी थांबू न देणं. लॉनसाठी ती उचलली गेली. सही माझी. आतला जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंट प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट लावला, त्यावरही सही माझीच. चुन्यातून ओल सहज बाहेर पडते आणि वाळते. सिमेंटने ती वाट बंद केली, मग ती वर वर चढत गेली.

माझी आई तामसीकडची, शेतमजूर. उन्हाळ्यात बांधकामावर चुना कालवायला जायची. त्या कमाईवर तिने मला शिकवलं, आणि शिकून मी चुन्यावर सिमेंट थापलं. मला खरंच लाज वाटली.

अकराला नरेंदर सार आले. मी त्यांना आधी बाहेर नेलं. माळ्याकडून भिंतीलगत खड्डा खणून घेतला. हातभर खोलीवरही माती चिखल. मग मागच्या बाजूला, जिथं जुनी फरशी अजून होती, तिथली एक फरशी उचलून खणलं. माती कोरडी. आत येऊन सिमेंटचा एक पापुद्रा काढला. मागचा दगड ओला होता, पण हातोडी मारली की आवाज खणखणीत. भिंत सडलेली नव्हती.

"म्हणजे चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. आणि ती सापडली यांच्यामुळे." मी दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या कौसाबाईंकडे हात केला.

नरेंदर सारांनी मॅनेजरला बोलावून घेतलं. त्याला म्हणाले, "लॉन काढा. ब्रेकरवाल्याला नको म्हणून सांगा." मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

लॉन दूर सरकवलं, फरशी परत बसवली. सिमेंट उतरवून भिंत दोन-अडीच महिने उघडी वाळू दिली, मग चुन्याचा गिलावा केला. मिश्रण कसं हवं ते कौसाबाईंनी स्टुलावर बसून सांगितलं आणि मिस्त्र्याला दोनदा परत कालवायला लावलं. पावसाळा गेला. लोणा आला नाही. कमानी जागच्या जागी आहेत.

फायनल रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'दोषाचे कारण कौसाबाई, हाउसकीपिंग, यांच्या निरीक्षणातून कळले.' त्याची एक कॉपी मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी कागदावर आपलं नाव वाचलं आणि चेहरा उतरला.

"माहं नाव काऊन टाकलं, साहेब? माहं काई चुकलं का?"

आजवर कागदावर त्यांचं नाव फक्त तक्रारीतच आलं होतं. मी तो रिपोर्ट त्यांना सोप्या मराठीत समजावून सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पाच नंबरची खोली झाडायला गेल्या.

तरुण इंजिनियरांना एवढंच सांगतो. जुनी इमारत तपासायची असेल तर झाडलोट होण्याआधी जा. आणि मीटर नंतर काढा, आधी झाडणाऱ्या बाईला विचारा.