कोरड्या रेतीतली पट्टी

धर्मपाल आमच्या उपविभागात नदीची पातळी वाचायचा. भातकुलीच्या खालच्या अंगाला, पुलाजवळ डाव्या काठावर एक पट्टी रोवली होती. रोज सकाळी आठला तो तिच्यावरचा आकडा फोनवर सांगायचा, मी तो विवरणपत्रात लिहून अमरावतीला पाठवायचो. बावीस वर्षे हेच चालले आहे.

सहा वर्षांपूर्वी नदी उजवीकडे सरकली. पट्टी रेतीत राहिली आणि पाणी धर्मपालच्या घराकडे गेले. त्याच्या बायकोची, मैनाबाईची वांग्यांची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वाडीही तिथेच.

"बाबूजी, पट्टी कोरडी हाय. पानी माह्या घराले भिडून राह्यलं. काय लिवता?"

"पट्टीवर दिसतं ते."

"पट्टीपाशी तं बकऱ्या दिसून राह्यल्या."

मी हसलो आणि 'निरंक' लिहिले. नमुन्यात दुसरा रकाना नव्हता. पट्टी हलवा म्हणून त्याने चार अर्ज दिले. चारही मी आवक क्रमांक टाकून फायलीला लावले. वरून उत्तर आले: जागा बदलल्यास जुन्या आकड्यांशी मेळ बसणार नाही.

मग पूरसंरक्षक भिंत मंजूर झाली. नकाशा जुन्या पात्राचा, त्यामुळे भिंत डाव्या काठावर, पट्टीच्या मागे बांधली गेली. मैनाबाई ती पाहायला आली होती.

"बेस केलं," ती म्हणाली. "आता रेती पळून नाही जानार."

गेल्या ऑगस्टमध्ये मोठा पूरही नव्हता. नदीने उजवा काठ खालून पोखरला, आणि एका दुपारी वाडी आणि घराच्या दोन्ही खोल्या पात्रात बसल्या. माणसे बाहेर होती म्हणून वाचली. मागे उरलेल्या आठ घरांसाठी तरी उजवीकडे भिंत बांधा, असा धर्मपालने पाचवा अर्ज दिला. तो नामंजूर झाला. कारण दिले होते: 'सदर दिनांकाची पातळी निरंक असल्याने उजव्या काठास धोका दिसून येत नाही.' सोबत माझ्या विवरणपत्राची प्रत जोडलेली होती.

त्याने ती माझ्या टेबलावर ठेवली.

"बाबूजी, अक्षर तं तुमचं हाय."

"पट्टी कोरडी आहे, असं तूच सांगितलं होतंस."

"मी घराचंबी सांगतलं होतं."

मी प्रत फायलीला लावली.

धर्मपाल आता भातकुलीत भाड्याच्या खोलीत राहतो. पट्टी तिथेच आहे. सकाळी आठला फोन येतो. पूर्वी तो दोन-चार वाक्ये बोलायचा. आता एकच शब्द बोलतो, आणि मी तो लिहून घेतो.