गोळी न चालता गेलेला राजा

निजामाच्या जुन्या मुलखातल्या तलमडुगूहून भरती झालेला मी सिग्नलमन. उत्तर सिक्कीममध्ये एका गोरखा पलटणीला जोडलेला होतो. चौकीवर आम्ही नऊ जण. सकाळी सहाला रेडिओवर हजेरी, मग चहा, मग गस्त. चहाला रॉकेलचा वास यायचा. तक्रार करणारा मी एकटाच.

हवालदार दिलबहादूर नेपाळचा. त्याचा धाकटा भाऊ काठमांडूत राजाच्या महालावर पहाऱ्याला होता. फौजेवरचा राजाचा हुकूम संसदेनं आधीच काढून घेतला होता. आता निवडून आलेल्या सभेनं राजेशाहीच मोडीत काढली आणि राजाला महाल सोडायला मुदत दिली.

"नहीं निकला तो?" मी विचारलं.

"तो भाई बंदूक किस पर ताने? राजा पर, या लोगों पर?"

दिलला जेवण जात नव्हतं.

मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी ०६१० ला सेट खरखरला. "राजा महल छोड़ गया. ओव्हर."

दिलनं माझ्या हातातला हँडसेट ओढून घेतला. हे नियमात बसत नाही. "गोली चली? ओव्हर."

"नेगेटिव्ह. एक भी नहीं. आउट."

दिल दारूगोळ्याच्या पेटीवर बसून ओक्साबोक्शी रडला. मग दोन मग चहा प्यायला. मी थक्क होऊन नुसता बघत राहिलो. ज्याला लोक देव मानत, तो मतांनी पायउतार झाला होता!

हे गावात सांगितलं की शेजारच्या लक्ष्मणकाकांना अजून पटत नाही.

"काऊन रे, निजामाले हटवाले तं फौज आनाव लागली होती. हा राजा असाच कसा गेला?"

"लोकायनं निवडलेल्या सभेनं ठरवलं, काका. अन् गेला."

"बाप रे," काका म्हणतात. मीही मनातल्या मनात तेच म्हणतो.

राजा गेल्याची बातमी आली त्याच्या चौथ्या दिवशी, ११४० वाजता, गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. दिल पुढे होता. मागच्या जवानाला त्यानं बाजूला ढकललं. स्वतःला वाचवायला वेळ उरला नाही. आम्हाला तो संध्याकाळी सापडला.

दिलच्या शवपेटीसोबत नेपाळच्या सीमेपर्यंत मी गेलो. पलीकडून भाऊ आला, वर्दीत. टोपीवरचा राजाच्या मुकुटाचा बिल्ला काढलेला. त्या जागी कापडाचा रंग गडद राहिला होता.

"दाजू को पता था, राजा गया?" त्यानं विचारलं. दाजू म्हणजे थोरला भाऊ.

"हां. मैसेज मैंने लिया था. बहुत रोया."

त्यानं पेटीवर हात ठेवला.

"राजा के लिए गेट मैंने खोला था," तो म्हणाला. "ये दाजू को घर पर बताना था."