पंखवाला रोबो आईला लागला

मंडळी, आज द्वारकेच्या मॉलमध्ये भलतंच झालं!

मी जपानी ॲनिमेतले बोटभर रोबो जमवते, हे तुम्हाला माहितीये. मशीनमध्ये टोकन टाकायचं, त्याची मूठ फिरवायची आणि खाली पडलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात जो रोबो निघेल तो आपला. पंखवाला मला कधीच लागला नव्हता.

आज सोबत आई होती. एरवी "परत खेळणी?" म्हणणारी. आज म्हणाली, "एकदा मी फिरवून बघू?"

तिने गोळा उघडला आणि मी किंचाळलेच. पंखवाला!

मी हात पुढे केला, तर तिने मूठच मिटली. "तुझ्याकडे ढीगभर आहेत. हा माझा."

मेट्रोत मयूर विहारपर्यंत ती त्याचे पंख बसवत होती. शेजारच्या बाईंनाही सांगून झालं, "मेरा है, बेटी का नहीं."

इतकी खूश आई बऱ्याच दिवसांनी पाहिली. आता तो मागायचा कसा, यार?