अक्का 'ओंदु' म्हणून थांबायची

आमची अक्का आज सकाळी गेली. मी आणि मंजुळा तिची कूस बदलायला खोलीत गेलो, तेव्हा ती गेलेली होती.

अक्का म्हणजे माझी आत्या. बाबा सगळ्यांत धाकटे, ते तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्ही मुलंही तेच म्हणायला लागलो. पन्नास-साठच्या दशकांत ती इथेच, बेंगळुरूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती.

गेलं वर्षभर ती बनशंकरीला माझ्या घरी अंथरुणावर होती. मंजुळा तिची अटेंडंट. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून, चादर धरून तिला वळवायचो.

अक्का म्हणायची, "ओंदु." कन्नडमधलं एक.

आणि थांबायची.

मला वाटायचं, पुढचे आकडे विसरली. मीच पुढचे दोन-तीन, "एरडु, मूरु" म्हणून उरकून टाकायचे. तिला ते आवडायचं नाही.

शेवटी एकदा विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

वॉर्डात तिची जोडीदार होती एलियाम्मा, केरळची. एलीला मराठी येत नव्हतं, अक्काला मल्याळम. दोघींचं मिळून कामापुरतं कन्नड. पेशंट उचलायचा तर एकीने ओंदु म्हणायचं, समोरचीने एरडु. तिसरा आकडा कुणीच म्हणायचा नाही, तेव्हा फक्त उचलायचं.

समोरून एरडु आलं नाही, तर हात लावायचा नाही.

अख्खा आठवडा असा जोडीने जायचा. आंघोळी घालणं, चादरी बदलणं, काचेच्या सिरिंज उकळणं. शनिवारी गाद्या उन्हात टाकायच्या. रविवारी दुपारी गॉजच्या घड्या घालायच्या आणि सगळ्या डॉक्टरांच्या नकला करायच्या.

घरात तेव्हा नाकं मुरडली जात होती. आपल्यातल्या मुलीने परक्यांचे बेडपॅन उचलायचे?

अक्का म्हणायची, "एली नसती तर मी दुसऱ्या आठवड्यात नोकरी सोडली असती. आणि मी नसते तर तिने पहिल्याच."

मग अक्काला बढती मिळाली, ती वॉर्ड सिस्टर झाली.

त्या हॉस्पिटलात रीत होती. सिस्टरने पेशंट उचलायचा नाही, लक्ष ठेवायचं.

थोड्याच दिवसांतली गोष्ट. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला एक धिप्पाड माणूस. पलंगाच्या एका बाजूला एली, दुसऱ्या बाजूला नवी मुलगी. पायथ्याशी अक्का, हात मागे बांधून. दारात मेट्रन.

एली म्हणाली, "ओंदु."

नव्या मुलीला हे माहीत नव्हतं. ती गप्प.

एलीने अक्काकडे पाहिलं.

अक्काही गप्प.

पेशंट कण्हत होता, मेट्रन बघत होती. एलीने उचललं. नवीचे हात मागे राहिले आणि सगळा भार एलीच्या कमरेवर आला.

काही महिने तिने कसंबसं रेटलं. मग नोकरी सोडून गावी गेली. अक्का स्टेशनवर पोचवायला गेली होती. एली अजिबात रागावलेली नव्हती. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "बर्तीनि, सिस्टर." येते, सिस्टर.

इतकी वर्षं एलीसुद्धा तिला अक्काच म्हणायची.

मी समजूत घातली. म्हटलं, रीतच तशी होती, तुला उचलता आलंच नसतं.

"उचलायचं कोण बोलतंय?" अक्का म्हणाली. "एरडु म्हणायला काय हात लागतात?"

पुढे दोघींची पत्रं येत-जात होती. कमरेचा विषय दोघींनीही काढला नाही. मग कधीतरी पत्रंही थांबली.

नव्या मुलीबद्दल मी विचारलं, तर म्हणाली, "ती नवी होती. मी नव्हते."

बाबा म्हणतात, एलीची कंबर आधीपासूनच दुखायची. असेलही. हे अक्काला सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. सांगितलं नाही. तिचं ओझं कमी झालं असतं, की एवढं जपलेलं काहीतरी मी तिच्याकडून काढून घेतलं असतं? अजूनही ठरवता येत नाही.

मंजुळाला मात्र सगळं सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अक्का ओंदु म्हणाली. समोरून मंजुळा हळूच म्हणाली, "एरडु."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. "तू काही एली नव्हेस," म्हणाली.

पण तिने अंग सैल सोडलं. वर्षभरात पहिल्यांदा ती आम्हाला जड लागली नाही.

आज तिला पलंगावरून खाली घ्यायचं होतं. शेजारची मंडळी हात लावायला पुढे आली. मी त्यांना थांबवलं. आम्ही दोघी नेहमीसारख्या समोरासमोर उभ्या राहिलो.

मी म्हणाले, "ओंदु."

मंजुळा रडत होती. तिला शब्द फुटेना.

कुणीतरी म्हणालं, उचला आता.

मी उचललं नाही. थांबले.

मग ती म्हणाली, "एरडु."

सावकाश जा, अक्का.