बर्फाच्या गावातही व्हिसाच

बहरीनमध्ये एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला रजा मिळते ती जानेवारीत. त्या महिन्यात झिंजमधल्या आमच्या बिल्डिंगीतली मंडळी स्वेटर घालून गच्चीवर उभी राहतात, "काय गारठा पडलाय" म्हणतात आणि मला कुत्रंही विचारत नाही. मे महिन्यात हीच माणसं मला जावयासारखं वागवतात.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रजा मंजूर झाली आणि मी नेहमीप्रमाणे संगमेश्वरची तयारी सुरू केली, तर सुलभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मी थेट गावाला येणार नाही." तिचं खरं होतं. आम्ही गावी पोचलो की पहिल्या दिवशी लोक भेटायला येतात आणि दुसऱ्या दिवसापासून पासपोर्ट घेऊन येतात. भाच्याचं बघा, चुलत मेव्हण्याचं बघा, तलाठ्याच्या पोराचं बघा. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, "बघू, साहेबांशी बोलतो." हे वाक्य फार गुणी आहे. कोणी दुखावत नाही आणि साहेबांनाही त्रास होत नाही, कारण त्यांना यातलं काही कळतच नाही.

"या खेपेला मला आधी बर्फ दाखवा," सुलभा म्हणाली. "आणि तो तुम्ही दुरुस्त केलेला नको."

असं आमचं मनाली ठरलं. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, जिथे कोणी व्हिसा मागणार नाही, अशा ठिकाणी आठवडाभर राहायचं आणि मग गावी जायचं.

मुंबईपर्यंत विमान, दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढे रात्रभराची बस. त्या बसबद्दल जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: मागच्या सीटवर बसू नका, तिथे माणूस बसत नाही, उडतो. माझ्या मांडीवर नवाकोरा टू-इन-वन होता, रेडिओ आणि कॅसेट एकत्र, मनामाच्या बाजारातून घेतलेला, दोन्ही बाजूंना ताटाएवढे स्पीकर. गल्फवाला सुट्टीवर निघाला आणि हातात टू-इन-वन नाही, म्हणजे लग्नात नवरदेव बिनबाशिंगाचा. हा खरं तर संगमेश्वरसाठी होता, पण वाटेत चार लोकांनी बघितला तर काय बिघडलं?

कुल्लूच्या पुढे रस्त्याच्या कडेला पहिला बर्फ दिसला. आमची मिनी तेव्हा सात वर्षांची, इंग्रजी शाळेतली. बर्फ तिने फक्त फ्रीजरमध्ये खरवडलेला पाहिला होता. ती काचेला नाक लावून म्हणाली, "बाबा, हू स्विच्ड इट ऑन?" एसीवाल्याची मुलगी शोभली खरी.

मनालीत उतरल्यावर कळलं की निम्मी हॉटेलं बंद आहेत आणि उरलेल्यांचे नळ गोठलेत. तिथे गमबूट आणि लोकरीचे कोट भाड्याने मिळतात. ते घ्या, घासाघीस जरूर करा, पण बुटात आधी हात घालून बघा, माझ्या बुटात कोणाचा तरी मोजा होता. बूट देणाऱ्यानेच सांगितलं, नदीपलीकडच्या गावात माझे चुलते राहतात, खोली देतील, जेवण देतील, हॉटेलच्या अर्ध्या पैशांत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

लाकूड आणि दगडाचं घर, खाली गाई, वर माणसं, मध्ये पत्र्याची शेगडी आणि तिचं धुराडं छपराबाहेर काढलेलं. शेगडीला तिकडे तंदूर म्हणतात. घरात तिघं, ठाकूरजी, त्यांची बायको म्हणजे चाची आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा टेकराम. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी टू-इन-वन तंदूरजवळ ठेवला, कॅसेट घातली आणि बटण दाबणार, तेवढ्यात ठाकूरजींनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"साब, देवता स्वर्ग गए हैं," ते कुजबुजले. "आवाज़ नहीं."

झालं होतं असं की संक्रांतीपासून त्या गावाचे देव स्वर्गात जातात. महिन्याहून जास्त दिवस गाव गप्प बसतं. देवळाच्या घंटा बांधून ठेवतात, रेडिओ बंद, मोठ्याने बोलणं बंद, जमिनीत कुदळसुद्धा मारायची नाही. देव परत येतात तेव्हा वर्षाचं भविष्य सांगतात, आणि गोंगाट केला असेल तर ते वाईट निघतं. एवढ्या लांब मिरवत आणलेला टू-इन-वन चाचींनी गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीमागे निजवला. सुलभाला इतकं हसू आलं की तिला तोंडात पदर कोंबावा लागला.

संक्रांत नुकतीच झाली होती. सुलभाने पिशवीतून तिळगूळ काढला आणि "गोड गोड बोला" हे इतक्या हळू आवाजात म्हणाली की ठाकूरजींना ती औषध देतेय असं वाटलं. त्यांनी तो पाण्याबरोबर घेतला. बदल्यात चाचींनी सिड्डू वाढले, म्हणजे वाफवलेली जाड, सारण भरलेली भाकरी, वर तुपाची धार. हिवाळ्यात तिकडे गेलात तर सिड्डू चुकवू नका. उन्हाळ्यात हॉटेलात मिळतो तो त्याचा सावत्र भाऊ.

दिवसभर गावात काम असतं ते बर्फाचं. छपरावर साचलेला ढकलायचा, दारातला बाजूला करायचा, भांड्यात भरून तंदूरवर वितळवायचा आणि तोच प्यायचा. बायका लोकर कातत बसतात, पुरुष त्याला मान हलवून पाठिंबा देतात. मी उभ्या आयुष्यात थंडी विकत आलो, पण ती फुकट मिळाली तेव्हा पाच मिनिटांत माझे कान बधिर झाले आणि मी मनातल्या मनात भिंतीवर बटण शोधू लागलो.

दुसऱ्या संध्याकाळी ठाकूरजी तंदूरशी माझ्याजवळ सरकले. इकडचं तिकडचं, माझं बहरीनमधलं काम, सगळं कुजबुजून झालं. मग म्हणाले, "साब, टेकराम का वीज़ा हो जाएगा?"

म्हणजे तिथेही! समुद्र ओलांडला, डोंगर चढलो, देवसुद्धा गाव सोडून गेलेले, आणि व्हिसा मात्र माझी वाट बघत तंदूरशी बसलेला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "देखेंगे. साहब से बात करता हूँ."

संगमेश्वरला या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ठाकूरजी उठले, कोठीतून टेकरामचा फोटो आणून माझ्या हातात ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. फोटोत टेकरामने कोणाचा तरी टाय घातला होता. सुलभाने माझ्याकडे अशी नजर टाकली की तंदूर नसता तरी चाललं असतं.

सकाळी मी टेकरामबरोबर छपरावर चढलो, तेवढीच मर्दुमकी. तो लाकडी फावड्याने झपाझप बर्फ खाली टाकत होता, मी नुसत्या धापा टाकत होतो. खाली उतरलो तेव्हा चाची गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. चहाचा पेला देताना त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"भाईजी, मना कर देना," त्या म्हणाल्या. "बड़ा दिल्ली गया है. तीन सर्दी हो गई, नहीं आया. ये भी गया तो छत कौन साफ़ करेगा?" मग म्हणाल्या, "छत तो कोई भी कर देगा. इनके सामने मैं बोल नहीं सकती."

मला फार वाईट वाटलं. माझी आईही असंच म्हणाली असेल का कोणाला तरी, असा विचार आला.

त्या संध्याकाळी मी ठरवून खरं बोललो. गल्फवाला खरं बोलतो हा प्रसंग बर्फापेक्षा दुर्मिळ, म्हणून तोही लिहून ठेवतो. ऑगस्टमधल्या गच्चीबद्दल सांगितलं, जिथे पाना हातात धरवत नाही. पहिली वर्षं मनामाच्या हूरा वस्तीतल्या एका खोलीत काढली, पलंगावर पलंग, एक उठला की त्याच्या उबेत दुसरा झोपणार. नळाचं पाणी दुपारी अंग भाजतं. बाप गेला तेव्हा रजा मिळाली नाही. हे सगळं मी कुजबुजत सांगितलं, त्यामुळे ते आणखीच भयंकर वाटत होतं. सुलभाने मिनीला मांडीवर ओढून घेतलं.

ठाकूरजी शांतपणे ऐकत होते. मग समजूतदारपणे हसले. "समझ गया साब. आप अपने गाँव के लड़कों के लिए जगह रखना चाहते हो. ठीक है, सब रखते हैं. एक हमारा भी देख लेना."

आणि टेकरामचे डोळे चमकत होते. "काम छत पर ही है ना?" तो म्हणाला. "छत पर तो मैं बचपन से हूँ."

चाची पीठ मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

निघताना ठाकूरजींनी अक्रोड आणि राजमा यांचं गाठोडं बांधून दिलं, नको म्हटलं तरी. चाचींनी मिनीला स्वतः विणलेले मोजे घातले आणि माझा हात क्षणभर घट्ट धरला. बोलायला बंदी होती, तरी मला सगळं ऐकू आलं. नंतर संगमेश्वरला गेलो, टू-इन-वन अखेर वाजला, पासपोर्ट आले, "बघू" म्हणून झालं.

मार्च संपता संपता बहरीनमध्ये फोन खणखणू लागले आणि मी पुन्हा जावई झालो. एके दिवशी बुसैतीनच्या एका घराच्या गच्चीवर काम चालू असताना आमचे बहरीनी मालक वर आले. धंदा वाढला होता. "एक माणूस हवाय," ते म्हणाले. "दणकट, उंचीला न घाबरणारा. व्हिसा मी काढतो. यल्ला, नाव सांग."

इतक्या वर्षांत साहेबांनी स्वतःहून विचारलेलं हे पहिलंच. फोटो माझ्या पाकिटात होता. टायसकट.

"मफी," मी म्हणालो. कोणी नाही.

"अजब आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे तर नेहमी कोणीतरी असतो."

जानेवारीत बर्फात जावं का असं लोक मला विचारतात. जरूर जा, गमबूट तपासून घ्या, सिड्डू खा, आणि त्या दिवसांत त्या गावांत गेलात तर हळू बोला. मला तिथून परतल्यावर डोंगर फारसा आठवत नाही, फावड्याचा आवाज आठवतो, कारण तेवढा एकच आवाज चालत होता.

मालकांना नाही म्हटलं त्या दिवशी घरी आल्यावर मी सुलभाला सांगितलं, जरा छाती पुढे काढूनच. एका आईचं ऐकलं, म्हटलं. आयुष्यात एकदा तरी मी स्पष्ट नाही म्हणालो.

ती भाजी चिरत होती. चिरणं थांबवून म्हणाली, "बापाचं ऐकलं नाहीत, बरं केलंत. आईचं ऐकलंत, तेही बरं केलंत. पण त्या पोराचं कोणी ऐकलं?"

मी स्टूल घेतलं, एसीचा फिल्टर काढला आणि मोरीत धुवायला बसलो. तो मी आदल्याच दिवशी धुतला होता.